तोलेदो : मुक्काम एक रात्र, साल ११७५

आदली रात्र

माद्रिदच्या हॉटेलात पलंगावर पाय पसरून तुम्ही यादी करताय. कामं आटोपली आहेत, परतीचं विमान परवा रात्रीचं. मधे एक दिवस, एक रात्र आणि एक सकाळ मोकळी सापडली आहे आणि तेवढ्यात तोलेदो उरकायचं आहे. 'उरकायचं' हा शब्द तुमचाच. यादीही त्या शब्दाला शोभेल अशीच झाली आहे: कॅथेड्रल, अल्काझार, एल ग्रेकोचं 'काउंट ऑर्गाझचं दफन' हे चित्र, दोन सिनगॉग, नऊ घुमटांची मशीद, दोन पूल, सोकोदोबेर चौक, तलवारींची दुकानं, बदामाची माझापान मिठाई आणि नदीपलीकडच्या टेकडीवरून दिसणारा सूर्यास्त. मोजून बारा.

आधी व्यवहाराचं. आतोचा स्थानकावरून वेगवान गाडी अर्ध्या तासाच्या आसपास तोलेदोला पोचवते. पण जागा भरतात, म्हणून तिकीट आताच काढून ठेवता. सोमवार टाळता, कारण सेफार्दी म्युझियम त्या दिवशी बंद. मुक्काम तिथेच ठरवता. सहलीच्या बसगाड्या संध्याकाळी निघून गेल्या की गाव पुन्हा गावकऱ्यांच्या ताब्यात येतं. नवे बूट बॅगेत परत जातात, झिजलेले बाहेर येतात. दगडी चढावर पायाला ओळखीचं काहीतरी हवं.

एवढं झाल्यावर मुख्य प्रश्न उरतो. साल कुठलं?

५८९ घेतलं, तर व्हिसिगॉथ राजा रेकारेद इथल्या धर्मसभेत कॅथलिक पंथाची द्वाही फिरवताना दिसेल. १५७७ घेतलं, तर एल ग्रेको नुकताच गावात आलेला. १५६९ मोठं मोहाचं आहे: हुआनेलो तुर्रियानो नावाच्या कारागिराचं यंत्र ताखो नदीचं पाणी खडक चढवून थेट अल्काझारात पोचवतंय. ज्या दरबारासाठी हा खटाटोप, तो मात्र १५६१ मध्येच माद्रिदला निघून गेलाय.

तुम्ही ११७५ वर बोट ठेवता. त्या साली इथे इटलीतल्या क्रेमोना गावचा एक माणूस राहतोय. नाव जेरार्ड. लॅटिनमध्ये कुठेच न सापडणारं एक पुस्तक वाचायला तो तोलेदोला आला, एका पुस्तकापुरता. ते शेजारच्या पुस्तकाशिवाय कळेना, शेजारचं त्याच्या शेजारच्याशिवाय. उरलेलं आयुष्य त्यातच गेलं. एका रात्रीसाठी येणाऱ्याने भेटावं तर अशाच माणसाला.

बॅगेत काय घ्यायचं? तिखटाची पुडी काढून ठेवा. ११७५ मध्ये स्पेनला मिरची माहीत नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही. हिरमुसू नका, त्या साली खान्देशातही नाही. तारखेचा गोंधळ धरून चाला. तुम्ही ११७५ म्हणाल, पण इथला कारकून कागदावर १२१३ लिहील, कारण स्पेनचा जुना शक अडतीस वर्षं पुढे चालतो. शेजारचा मुसलमान हिजरी ५७० की ५७१ ते महिना बघून सांगेल, ज्यू सोनार ४९३५ म्हणेल. तुमच्या घरी शके १०९७ चालू आहे. आणि एक पथ्य: पुढे काय होणार, ते कुणाला सांगायचं नाही.

सकाळ : पूल

स्टेशनच तुम्हाला पहिला चकवा देतं. नालेच्या आकाराच्या कमानी, रंगीत काचा, कोरीव लाकूड. जुन्या सुलतानाच्या महालात गाडी शिरली असं वाटावं. इमारत १९१९ ची. तोलेदोला आपल्या जुन्या रूपाची नक्कल करायची सवय आहे, तेव्हा इथे अस्सल काय ते डोळ्यांवर सोडू नये.

पंधरा-वीस मिनिटं चालून तुम्ही अल्कांतारा पुलाशी येता. 'अल-कंतरा' म्हणजे अरबीत पूलच. म्हणजे 'अल्कांतारा पूल' म्हणताना आपण 'पूल पूल' म्हणतो. खाली ताखो नदी. तिने गावाच्या खडकाला तीन बाजूंनी वेढा घातलाय, चौथ्या बाजूला तट. गड कुठे बांधावा हे ज्यांना कळतं, त्यांना या जागेबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

मधल्या कमानीवर पोचता तोच मागचा गाड्यांचा आवाज थांबतो. फोनवरचा नकाशा विझतो. दगड तेच, पण पायाखाली शेण आणि गवताच्या काड्या. पुढे लोकरीच्या गाठी लादलेली खेचरं, मागे तेलाचे बुधले घेऊन एक म्हातारा. नदीतून पाणचक्क्यांची घरघर वर येते आणि काठावरून कमावलेल्या कातड्याचा उग्र वास. नाकाला रुमाल लावू नका, लोक बघताहेत.

कातडी कमावणाऱ्यांच्या वेशीजवळ, नदीकाठी, एक पडकं घर आहे. आत दोन कोरडी टाकी. शंभर वर्षांपूर्वी इथल्या अल-झरकाली नावाच्या माणसाने ती बांधली. मूळचा तो धातूवर कोरीवकाम करणारा. खगोलशास्त्रज्ञांची उपकरणं घडवता घडवता स्वतःच त्यांचा गुरू झाला. अमावास्येनंतर चंद्रकोर दिसली की या टाक्यांत थेंबथेंब पाणी शिरू लागे, पौर्णिमेला ती काठोकाठ भरत आणि मग चंद्राबरोबर उतरत. कुणी मधेच पाणी उपसलं, तरी टाकी आपली पातळी पुन्हा गाठत. असं सांगतात की सुमारे चाळीस वर्षांपूर्वी एकाने आत काय आहे ते बघायला एक टाकं उकललं आणि ते पुन्हा जुळलंच नाही.

तुम्हाला घटिकापात्र आठवतं. लीलावतीच्या लग्नघटकेला पात्रात पडलेला मोती आठवतो, छिद्र बुजवून मुहूर्त बुडवणारा. ती दंतकथा आहे, पण बिघाड त्याच जातीचा: फार जवळून वाकून बघितलं की पाणघड्याळ बंद पडतं. तुम्ही टाक्यात न वाकता पुढे निघता.

माथ्यावर : यादीतलं जे नाही ते

चढ संपतो तेव्हा तुम्ही सवयीने मान वर करून कॅथेड्रलचा मनोरा शोधता. नाही. त्याचं बांधकाम १२२६ च्या सुमारास सुरू व्हायचंय आणि १४९३ पर्यंत चालायचंय. त्या जागी उभी आहे जुनी जामा मशीद, तीच सध्या कॅथेड्रल म्हणून वापरात. सहावा अल्फोन्सो १०८५ मध्ये शहरात शिरला तेव्हा ही मशीद मुसलमानांकडेच राहील असं ठरलं होतं. ते ठरणं फार दिवस टिकलं नाही. आता खांबांच्या त्याच रांगांखाली लॅटिन प्रार्थना चालते, आणि भिंतीशी टेकून बसलेला एक म्हातारा नुसता छताकडे बघत राहतो. त्याला काय आठवतंय हे तुम्ही विचारत नाही.

यादीवर भराभर काट मारता. एल ग्रेको नाही. अल्काझारची आजची इमारत नाही. सॅम्युएल हा-लेवीने बांधवलेलं त्रान्सितो सिनगॉग नाही, त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षं अवकाश. सोकोदोबेर मात्र आहे, आणि आपल्या नावाला जागून आहे: 'सूक अद-दवाब', गुरांचा बाजार. खेचराचे दात तपासणारा माणूस कुठल्याही शतकात एकाच पद्धतीने तपासतो.

नऊ घुमटांची मशीदही आहे. बाब अल-मर्दूम वेशीजवळची ही इवलीशी चौरस इमारत, विटांमध्येच लिहिलेल्या तारखेनुसार हिजरी ३९० ची, म्हणजे साधारण ९९९ ची. आत चार खांब, वर नऊ घुमट, आणि प्रत्येक घुमटाखाली एकमेकांना छेदणाऱ्या कमानींची वीण निराळी. नऊ घुमटांचं एकच चित्र कुणालाही जमलं असतं. बांधणाऱ्याने नऊ वेळा नव्याने विचार केला. इथे पाच मिनिटं जास्त द्या. आठशे-साडेआठशे वर्षांनी तिकीट काढून याल तेव्हाही घुमट हेच असतील.

भूक लागली आहे. पाव, ऑलिव्हचं तेल, हरभऱ्याची आमटी म्हणता येईल असं काहीतरी. पैसे देताना हातातलं सोन्याचं नाणं निरखता. राजा आठवा अल्फोन्सो, वय वर्षं एकोणीस. त्याच्या नावाने याच दशकात इथे पाडलं जाऊ लागलेलं नाणं. वर क्रूस आहे, पण सगळा मजकूर अरबी. त्यात रोमच्या पोपला 'इमाम' म्हटलंय आणि राजाला 'अमीर'. दक्षिणेकडच्या बाजारात अरबी नाण्यावरच भरवसा, म्हणून ख्रिस्ती राजानेही अरबीतच नाणं पाडलं. इथली अरबी बोलणारी ख्रिस्ती माणसं, मोझारब, घराची खरेदीखतंसुद्धा अरबीत करतात. असे हजाराहून जास्त कागद पुढे शिल्लक राहणार आहेत. भाषा आणि धर्म या गावात वेगवेगळ्या खिशांत असतात.

हे चित्र गोड करून बघायचा मोह आवरा. पश्चिमेकडच्या ज्यू मोहल्ल्यातली कित्येक घरं दक्षिणेतल्या अल्मोहाद राजवटीतून जीव वाचवून आलेल्यांची आहेत. त्यांना वाटतंय, आपण सुरक्षित जागी पोचलो. १३९१ ची कत्तल आणि १४९२ ची हद्दपारी तुम्हाला माहीत आहे. दारात खेळणारी मुलं तुमच्या विचित्र बुटांकडे बोट दाखवून हसतात. पथ्य पाळणं इथे सगळ्यात जड जातं.

दुपार : खोलीतले दोघे

कॅथेड्रलच्या आसपासच्या गल्ल्यांत फ्रेंच, इटालियन, इंग्रज पंडितांची ये-जा आहे. अशाच एका खोलीच्या दारात तुम्ही उभे राहता. आत दोन माणसं. एकाच्या पुढ्यात कागदावर लिहिलेलं अरबी पुस्तक, दुसऱ्याच्या पुढ्यात चामड्याचं पान, हंसाच्या पिसाची लेखणी आणि शाई. लिहिणारा जेरार्ड, साठीचा. वाचणारा गालिब नावाचा मोझारब. तुमचे कान उगाच टवकारतात. पण हा गालिब शेर ऐकवत नाही. तो अरबी ओळ मनात वाचतो आणि तोलेदोच्या बाजारात चालणाऱ्या साध्या बोलीत मोठ्याने सांगतो. जेरार्ड ऐकतो, थांबतो, लॅटिनमध्ये लिहितो. मॉर्लेचा डॅनियल नावाचा एक इंग्रज, पॅरिसला कंटाळून इकडे आलेला, या जोडीबद्दल पुढे लिहून ठेवणार आहे; त्याच्यामुळेच आपल्याला गालिबचं नाव कळतं. पुस्तकावर नाव येतं ते लिहिणाऱ्याचं.

पुस्तक आहे 'अल्माजेस्ट'. दुसऱ्या शतकात टॉलेमीने ग्रीकमध्ये लिहिलेले खगोलशास्त्राचे तेरा खंड. नावातच सगळा प्रवास आहे: ग्रीक 'मेगिस्ते', म्हणजे सर्वांत मोठं, त्याला अरबी 'अल' चिकटलं आणि आता त्यावर लॅटिन प्रत्यय चढतोय. याच साली ते काम पुरं होतंय. जेरार्डच्या नावावर शेवटी सत्तराहून अधिक अनुवाद जमतील. इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ, अल-ख्वारिझ्मीचं बीजगणित, सगळं याच पद्धतीने: एकाचं तोंड, दुसऱ्याचा हात.

बाजूच्या चळतीत ग्रहगणिताची कोष्टकं आहेत, अल-झरकालीच्या काळात याच गावात जमवलेली. तुम्ही पान उलटता आणि थबकता. ज्यांचं कोष्टक दिलंय त्यांना 'कर्दजा' म्हटलंय. पुन्हा उच्चारून बघा. क्रमज्या. आपल्या गणितातली 'क्रमज्या' बगदादमार्गे इथवर येताना थोडी झिजली, एवढंच. ग्रंथांना इथले लोक 'सिंदहिंद' म्हणतात, तो आपला 'सिद्धान्त'. 'अर्जभर' म्हणजे आर्यभट. आणि रेखांश मोजताना पृथ्वीचा मध्य म्हणून ज्या 'अरिन' गावाचं नाव येतं, ते उज्जैन. अरबीत 'उझैन' लिहिताना 'झ'वरचा एक ठिपका कुणा नकलनवीसाच्या हातून सुटला आणि महाकालाचं गाव 'अरिन' होऊन बसलं.

शंभर वर्षांपूर्वी याच शहरात साईद अल-अंदलुसी नावाचा काझी होता. १०६८ मध्ये त्याने ज्ञानाची जोपासना करणाऱ्या आठ समाजांवर पुस्तक लिहिलं. पहिलं प्रकरण भारतीयांचं. त्यांचं अंकगणित, बुद्धिबळ, 'कलीला व दिम्ना' या नावाने तिकडे गेलेलं पंचतंत्र, सगळ्याची त्याने दखल घेतली आणि हळहळही व्यक्त केली: देश इतका दूर, की त्यांचं फार थोडं आपल्यापर्यंत पोचलं. तो देश तुम्ही. त्या काझीला निदान साईदभाई म्हणून हाक मारावी असं वाटतं, पण तुम्ही शंभर वर्षं उशिरा आलात.

रात्र : एक शब्द

दिवे विझतात, वेशी बंद होतात. तुम्ही गच्चीवर पडून आकाश बघता. कृत्तिकांच्या मागून रोहिणी वर येते. अरबीत तिला 'अल-दबरान' म्हणतात, मागून येणारी. त्याच नावाने ती युरोपच्या नकाशांत शिरेल. डोक्यात मात्र एकच शब्द फिरतोय.

वर्तुळाचा एक तुकडा घ्या. तो झाला धनुष्य, 'चाप'. त्याची दोन टोकं जोडणारी सरळ रेघ म्हणजे दोरी, 'ज्या', किंवा 'जीवा'. आपल्या गणितींनी पाहिलं की हिशेबाला अर्धी दोरी जास्त सोयीची. ती 'अर्धज्या', बोलता बोलता 'अर्ध' गळलं. अरबांनी 'जीवा' हा शब्द आवाजासकट उचलला: 'जीब'. अरबीत त्याला अर्थ नव्हता. लिपीत स्वर लिहायची पद्धत नाही, म्हणून उरलं ज-ब, आणि पुढच्या वाचकांनी ते ओळखीच्या शब्दासारखं वाचलं: 'जैब', अंगरख्याचा गळ्याजवळचा खोलगट भाग. हिंदीतल्या 'जेब'चं मूळ हेच. बाराव्या शतकातल्या लॅटिन अनुवादकांनी इमानेइतबारे 'जैब'चा अर्थ लिहिला: 'सायनस', वस्त्राची घडी. धनुष्याची दोरी खिशात गेली ती कायमची. नववी-दहावीत ज्या 'साइन'ने तुम्हाला घाम फोडला, तो हाच.

चूक झाली खरी. पण गणित एका आकड्यानेही चुकलं नाही. शब्दाचा अर्थ तीनदा सांडला आणि त्याने वाहून नेलेली गोष्ट मात्र शाबूत पोचली. घुमटांपेक्षा हे बघायला तोलेदोला यावं.

याच रात्री, सुमारे पाच तास आधी सूर्य मावळलेल्या मुलखात, भास्कराचार्य एकसष्ट वर्षांचे आहेत. जन्म १११४ चा; जेरार्डचाही साधारण तोच धरतात. 'सिद्धान्तशिरोमणि' लिहून पंचवीस वर्षं झाली, त्यात ज्या कशी काढावी यावर 'ज्योत्पत्ती' नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. दोघांनी एकमेकांचं नाव कधी ऐकलं नाही. भास्कराचार्यांचा ग्रंथ या वाटेने इकडे आलाही नाही. आलं ते त्यांच्या पूर्वसुरींचं. तरी दोघांच्या मागे घडलं ते एकसारखं. ११८७ मध्ये जेरार्ड वारला, तेव्हा शिष्यांनी त्याच्या अनुवादांची यादी करून एका पुस्तकाच्या शेवटी जोडली, कारण गुरूने आपलं नाव घालायचा कंटाळा केला होता. वीस वर्षांनी चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात शिलालेख कोरला गेला: भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ स्थापला. खान्देशातला दगड आणि तोलेदोतलं चामडं एकच गोष्ट सांगतात: हे विसरू नका, हे शिकवत राहा.

परतीची सकाळ

जाग येते ती कॉफीयंत्राच्या फुसकाऱ्याने. सोकोदोबेरवर खुर्च्या मांडल्या जाताहेत, गुरं गेली, दुचाक्या आल्या. वेटर विचारतो, काय आणू? तुम्ही संत्र्याचा रस मागता. तो 'नारान्हा' म्हणतो आणि साखरेची पुडी ठेवताना 'आसूकार'. नारिंग, साखर. परक्या गावात न्याहारीच्या टेबलावर तुमच्याच घरची दोन माणसं भेटावीत, तसं होतं.

हातात दोन तास आहेत. सांतो तोमे चर्चमध्ये एल ग्रेकोच्या चित्रापुढे दहा मिनिटं उभे राहता, चाळीस पर्यटक मागून ढकलताहेत तरी. कॅथेड्रलमध्ये शिरून खांबांच्या रांगांत जुन्या मशिदीतला म्हातारा बसला होता ती जागा शोधता, सापडत नाही. त्रान्सितोच्या भिंतीवरची हिब्रू अक्षरं वाचता येत नाहीत, पण मुलांचं हसू ऐकू येतं. बारातल्या पाच गोष्टींवर टिक. उरलेल्या सात पुढच्या वेळी, किंवा दुसऱ्या कुठल्या सालात.

माद्रिदच्या गाडीत समोर शाळकरी मुलगी बसली आहे, मांडीवर वही. परीक्षा जवळ आली असावी. पेन चावण्याची तऱ्हा जगभर सारखी. तिने एक वर्तुळ काढलंय, आत तीस अंशाचा कोन आणि एक उभी रेघ. शेजारी स्पॅनिशमध्ये लिहिलंय 'सेनो'. त्या शब्दाचा तिच्या भाषेत दुसरा अर्थ ऊर, छाती, 'सायनस'चाच वारस. वर्गात त्यावरून मुलं खिदळली असणार. ती रेघ मुळात धनुष्याची अर्धी दोरी आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि तुमचं स्पॅनिश तेवढं नाही.

ती बरोबरचं चिन्ह काढून अडते. खिडकीबाहेर सपाट पिवळी रानं मागे पळताहेत. तुम्हाला उत्तर पाठ आहे. तुम्ही तर्जनी आडवी धरून दुसऱ्या हाताने तिच्या बरोबर मध्यावर काप दाखवता. मुलगी क्षणभर बघते, हसते आणि लिहिते: एक छेद दोन.